गजभिये गेस्ट हाऊस

रुचिता गजभिये न्यूझीलंडची नागरिक झाली, हे रायपूरच्या गुढियारीला फ्लेक्सवरून कळलं.

पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मालगोदामाकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या दोन खांबांमध्ये तो फ्लेक्स ताणून बांधला होता. पाऊणएक जागेत हात जोडलेले पाऱ्यातले पुढारी नरहर भैया, त्यांच्या मागे त्यांच्या पक्षाची चार मोठी डोकी, आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी रुचिता. खाली लिहिलं होतं, ‘पारा की बेटी, पारा की शान. न्यूज़ीलैंड की नागरिकता मिलने पर बहन रुचिता गजभिए को हार्दिक बधाई.’ विधानसभेच्या निवडणुका त्या वर्षअखेरीस होत्या आणि नरहर भैयांना अभिनंदन करायला रोज कोणीतरी लागायचं.

धर्मपाल गजभिये दुधाची पिशवी घेऊन परतताना फ्लेक्सखाली थांबले. आडनाव चुकलं होतं. शेवटी ‘ये’ हवा होता, ‘ए’ पडला होता. रेल्वेच्या मालधक्क्यावर चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला मजकुराआधी चुका दिसतात. मजकूर त्यांनी मग वाचला आणि त्यांना कळेना, की पोरगी आपल्या देशाचं नागरिकत्व सोडून दुसऱ्याचं घेते, यात या देशातल्या माणसानं बधाई कशाची द्यायची.

घरी आले तर कलावतीबाईंच्या मोबाइलवर त्या फ्लेक्सचा फोटो आधीच पोचलेला.

“मस्त दिसते ना जी पोट्टी?” त्या म्हणाल्या. “आपल्या खानदानात कोनाचा फोटो असा खांबावर लागला होता का कधी?”

“आपल्या खानदानात कोनी देश बी बदलला नव्हता,” धर्मपाल म्हणाले आणि दूध तापायला ठेवायला गेले.

देश बदलला नव्हता हे खरं, पण राज्य बदललं होतं, तेही घरबसल्या. धर्मपालांचे वडील भंडाऱ्याकडून त्रेपन्न साली रायपूरला आले ते रेल्वेचे गँगमन म्हणून. धर्मपाल रायपुरातच जन्मले, इथेच शिकले, इथेच नोकरीला लागले. दोन हजार सालच्या नोव्हेंबरात एका रात्री ते मध्य प्रदेशात झोपले आणि छत्तीसगडात जागे झाले. कोणी अर्ज मागितला नाही, फोटो मागितला नाही. रायपूर एका दिवसात राजधानी झालं आणि गुढियारीतल्या तुंबलेल्या नाल्याला राजधानीतला नाला म्हणायची सोय झाली.

अर्ज मागायला लागले ते त्यानंतर. रुचिताला नर्सिंगला जायचं होतं आणि जातीचा दाखला हवा होता. कचेरीतला बाबू म्हणाला, एकोणीसशे पन्नासच्या आधी तुमचे पूर्वज या राज्यात राहत होते याचा कागद आणा. वडील तीन वर्षं उशिरा आले होते. “आप तो महाराष्ट्र के हैं, वहाँ से बनवाइए,” बाबू म्हणाला. धर्मपाल भंडाऱ्याला गेले. तिथला बाबूही सज्जन होता. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, “काका, तुम्ही तर छत्तीसगडचे. तुमचा जन्म तिथला, पोरीचा जन्म तिथला. आम्ही कसं देणार?” धर्मपालांनी दोन्हीकडे मिळून सात खेपा केल्या. दोन्ही राज्यांना ते दुसऱ्या राज्याचे म्हणून मान्य होते.

शेवटी रुचिता खाजगी कॉलेजातून नर्स झाली. मग एका दवाखान्यात अकरा महिन्यांच्या करारावर लागली. अकरा महिने झाले की एक महिना घरी बसायचं आणि पुन्हा नव्यानं अर्ज करायचा. असं तीनदा झाल्यावर ती एके दिवशी जेवताना म्हणाली, “बाबा, मी न्यूझीलंडले जातो. तिकडे निदान काय काय लागते ते एका कागदावर लिहून देतात.”

तिकडे खरोखरच लिहून देत होते. आधी शिकायची परवानगी, मग काम करायची, मग राहायची, मग कायमचं राहायची. प्रत्येक पायरीला यादी, प्रत्येक यादीला तारीख. रुचिता एकेक पायरी चढत गेली. हॅमिल्टन नावाच्या गावी म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात ती रात्रपाळ्या करायची, त्यांना आंघोळी घालायची, त्यांची औषधं सांभाळायची, आणि दर रविवारी फोनवर बापाला सांगायची की आता कोणता कागद आला. धर्मपालांनी त्यासाठी वेगळी फाइल केली होती. अनुक्रमणिकेसकट.

मग एका रविवारी फोन आला. रुचिता म्हणाली, “झालं बाबा. काल शपथ घेतली. महापौरानं प्रत्येकाले एक झाड दिलं.”

“कोनाच्या नावानं शपथ?”

“तिथल्या राजाच्या.”

धर्मपालांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दर वर्षी सव्वीस नोव्हेंबरला विहारात संविधानाची उद्देशिका मोठ्यानं वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणताना त्यांचा आवाज चढायचा, हे सगळ्या गुढियारीला माहीत होतं.

“अन आपली नागरिकता?” त्यांनी विचारलं.

“ते आपोआप जाते बाबा. दोन ठेवता येत नाही. पासपोर्ट जमा केला मी, त्यांनी शिक्का मारून परत देला.”

“बरं झालं,” धर्मपाल म्हणाले. फोन ठेवून ते पेढे आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, काय खुशखबर. त्यांना नीट सांगता येईना. “पोरगी पक्की झाली,” ते म्हणाले. दुकानदाराला वाटलं लग्न ठरलं, त्यानं वरून दोन पेढे घातले.

*

त्याच वर्षी ऑक्टोबरात, मागच्या खेपेनंतर पाच वर्षांनी, रुचिता घरी आली. परदेशी भारतीयांना मिळणारं कायमचं कार्ड अजून यायचं होतं, म्हणून टूरिस्ट व्हिसावर आली. कलावतीबाईंनी तिच्यासाठी पातोडीची भाजी केली, उडदाचे वडे केले आणि तिला समोर बसवून ती खाते कशी हे बघत बसल्या. धाकटा यशदीप तिच्या बॅगेचं वजन बघून म्हणाला, “दीदी, पूरा न्यूज़ीलैंड उठा लाई क्या?” यशदीप सव्वीस वर्षांचा. त्याला आईबापाची मराठी पुरती समजायची, पण उत्तर हिंदीत यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक हवालदार आला. मोटारसायकल बाहेर लावून त्यानं वहाणांकडे, मग आत बघितलं.

“आपके यहाँ कोई विदेशी ठहरे हैं?”

कलावतीबाई तांदूळ निवडत होत्या. “विदेशी? नाही भैया, हमारे यहाँ कौन विदेशी आएगा. फक्त आमची पोट्टी आली आहे.”

“वही,” हवालदार म्हणाला.

फ्लेक्स त्यानंही वाचला होता. वाचून त्याच्या लक्षात आलं, की बाई न्यूझीलंडची आहे आणि शेजारचे लोक म्हणतात ती घरी आली आहे. परदेशी माणूस कोणाच्या घरी उतरला तर घरमालकानं चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायला हवं, असा नियम आहे. कलावतीबाईंनी निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकत्र करून टाकले.

“अरे पण तिचं घर आहे हे! तिच्या घरी ती आली तर पोलिसाले काहून सांगायचं?”

“आई, बरोबर आहे त्यांचं,” रुचिता आतून म्हणाली. “नियम आहे.”

धर्मपाल मात्र ओशाळून उभे होते. आयुष्यात त्यांचा एक फॉर्म उशिरा गेला नव्हता. “मले माहीत असतं तर मी त्याच दिवशी येऊन गेलो असतो,” ते हवालदाराला म्हणाले, मग त्याला समजावं म्हणून पुन्हा हिंदीत म्हणाले. हवालदारानं चहा घेतला, रुचिताला तिकडे पोलिसांना पगार किती असतो ते विचारलं, आणि जाताना म्हणाला, काका, आजच जाऊन या, नाहीतर मलाच विचारतील.

धर्मपाल इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पोलिसांच्या मोठ्या कार्यालयात परदेशी लोकांची नोंद करायची एक खोली होती. तिथे संगणकापुढे एक तरुण कारकून बसला होता, वागायला मऊ. त्यानं सांगितलं, आधी तुमचं घर नोंदवावं लागेल, मग पाहुणा.

“प्रकार बोलिए. होटल, लॉज, धर्मशाला, गेस्ट हाउस, प्राइवेट मकान.”

“घर,” धर्मपाल म्हणाले.

“नाम?”

“घराला नाव नाही.”

“नाम के बिना आगे नहीं जाता.” कारकुनानं स्वतःच्या मनानं टाइप केलं, गजभिये गेस्ट हाउस. निदान आडनाव बरोबर होतं. “क्षमता? कितने लोग ठहर सकते हैं?”

धर्मपाल विचारात पडले. दोन खोल्या, पुढची ओसरी. रुचिताच्या आजीच्या पुण्यानुमोदनाला तिथे बावीस माणसं झोपली होती. “पाच,” ते म्हणाले.

“दर्जा? कितने स्टार?”

“एक बी नाही.”

कारकून हसला. मग त्यानं रुचिताचा नवा पासपोर्ट उघडला. काळ्या रंगाचा, वर चंदेरी पान कोरलेला. रुचितानंच तो फाइलीत घालून दिला होता; धर्मपालांनी तो घरी हातात घेतला नव्हता. घ्यावासा वाटला नव्हता.

“कहाँ से आईं? ऑकलैंड. यहाँ से कहाँ जाएँगी? ऑकलैंड. आने का कारण?” त्यानं पडद्यावरची यादी वाचली. पर्यटन, व्यापार, वैद्यकीय उपचार, परिषद. “घूमना लिख दूँ?”

“ती घरी आली आहे,” धर्मपाल म्हणाले. “घर आई है. मेरी बेटी है.”

“वो ठीक है अंकल, पर रिश्ता लिखने की जगह नहीं है.” त्यानं ‘पर्यटन’ निवडलं. मग पासपोर्टमधलं पुढचं वाचता वाचता त्याची मान वर झाली. “अरे, जन्मस्थान रायपुर! ये तो यहीं की हैं.”

धर्मपालांनी हात पुढे करून पासपोर्ट घेतला आणि चष्मा वर करून पाहिलं. खरंच तिथे छापलं होतं, ठळक अक्षरांत. धर्मपालांच्या सात खेपांनंतरही दोन राज्यांच्या कचेऱ्यांनी जे लिहून दिलं नव्हतं, ते न्यूझीलंडच्या सरकारनं न मागता छापून दिलं होतं. रुचिता रायपूरची आहे.

“ह्याचा प्रिंट भेटन का?” त्यांनी विचारलं. कारकुनानं नोंदीचा कागद काढून दिला. धर्मपालांनी तो घडी न घालता फाइलीत ठेवला. जाता जाता त्यांना राहवलं नाही. यशदीपचाही दाखला अडकलेला होता. “ये कागज जाति के दाखिले के लिए चलेगा क्या? बहन का जन्म यहाँ का, ऐसा विदेशी सरकार मान रही है.”

कारकुनानं खरंच विचार केला. “नहीं अंकल,” तो म्हणाला. “विदेशी का कागज कैसे चलेगा.”

घरी त्यांनी हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा यशदीप पोट धरून हसला. रुचिताही हसली. कलावतीबाईंनी मात्र तो कागद पुढून मागून बघितला आणि म्हणाल्या, “गेस्ट हाऊस! मंग मी कोन? खानसामा?”

*

चार दिवसांनी सत्यभामा आली. ती पाऱ्यातली अंगणवाडीवाली. मतदारयाद्यांचं काम तिच्याकडे असल्यामुळे निवडणुका आल्या की तिच्या खांद्याला दोन पिशव्या दिसायच्या. तिनं यादी उघडली आणि बोट ठेवून वाचलं. धर्मपाल गजभिये, कलावती गजभिये, रुचिता गजभिये, यशदीप गजभिये.

“दीदी का नाम अभी भी चल रहा है,” ती म्हणाली. “अच्छा है, इस बार दीदी भी वोट डालेगी.”

“मला नाही टाकता येत,” रुचिता म्हणाली. “मी भारताची नागरिक नाही आता. नाव कमी करायला हवं. त्याचा फॉर्म असतो ना?”

सत्यभामेनं पिशवीतून फॉर्म काढला. नाव का कमी करायचं याची कारणं छापलेली होती. मयत. वय कमी. दुसरीकडे राहायला गेले. नाव दोनदा. भारताचे नागरिक नाहीत. रुचितानं जागेवर पेन मागितलं, शेवटच्या चौकोनात खूण केली, सही केली आणि फॉर्म वडिलांच्या हातात दिला. सत्यभामा म्हणाली, “हव, पासपोर्ट का फोटोकॉपी लगाकर आठ दिन में दे देना काका. उसके बाद चुनाव तक लिस्ट बंद.”

ती गेल्यावर कलावतीबाई उठल्या. “नाव काहून कापायचं? असू द्या ना. यादीत काय खायला मागते का ती?”

“आई, चुकीचं आहे ते.”

“चुकीचं काय त्यात? राशनकार्डातून तुहं नाव गेलं. पासपोर्टातून गेलं. आता एवढ्या एका कागदावर आपन चौघं सोबत आहोत. ते बी कापा.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

धर्मपालांनी फॉर्म शर्टाच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी पासपोर्टची झेरॉक्स काढली. तिसऱ्या दिवशी सत्यभामेच्या अंगणवाडीपर्यंत गेले आणि पोरांची खिचडी चालू आहे, आत कशाला जा, म्हणून परत आले. ती खिचडी रोजच त्या वेळेला चालू असते, हे त्यांना माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यांना बरं वाटत नव्हतं. सहाव्या दिवशी ते विहारात गेले आणि वाटेत अंगणवाडी लागू नये म्हणून मागच्या गल्लीनं गेले. ज्या माणसानं आपल्या पोरीची परदेशी म्हणून नोंद एका दुपारात करून टाकली, त्याला तिचं नाव कापायला आठ दिवस पुरेनात.

“देला का फॉर्म, बाबा?” रुचितानं नवव्या दिवशी विचारलं.

“हव,” धर्मपाल म्हणाले.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते फार लवकर बोलले. रुचिताच्या ते लक्षात आलं नाही. कलावतीबाईंच्या आलं. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला न मागता दुसरा चहा दिला.

*

मतदानाच्या दिवशी गजभियांच्या घरी सणासारखं वातावरण असायचं. धर्मपाल एकदा पायाला प्लास्टर असताना रिक्षातून मत द्यायला गेले होते. या वेळी चौघंही निघाले. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून सगळ्यांचे मोबाइल सांभाळायला रुचिता शाळेच्या फाटकापासून लांब, कडुनिंबाच्या सावलीत उभी राहिली.

“मी इथेच आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांची शाई बघतो मी आल्यावर.”

यशदीप रांगेत पुढे होता, तो मत देऊन बाहेर गेला. मग कलावतीबाईंचा नंबर लागला, त्यांच्यामागे धर्मपाल. टेबलाशी बसलेल्या मास्तरांनी यादीवर पट्टी ठेवली, धर्मपालांचं नाव वाचलं, लाल रेघ मारली. आणि सहज, लोकांशी गोड बोलायची सवय असल्यासारखे म्हणाले, “गजभिये परिवार का चारों हो गया. बढ़िया. बिटिया तो सुबह-सुबह ही डाल गई.”

धर्मपालांनी खाली बघितलं. यादीत त्यांच्या नावाखाली कलावती, तिच्याखाली रुचिता, तिच्याखाली यशदीप. चौघांवरही लाल रेघ. रुचिताच्या नावाशेजारी तिचा फोटो होता, एकोणीस वर्षांची असतानाचा, इतका काळा आलेला की तो कोणाचाही असता.

“मेरी बेटी ने...” ते म्हणाले आणि थांबले.

भिंतीशी पक्षांचे प्रतिनिधी ओळीनं बसले होते. त्यांत नरहर भैया होते. त्यांनी यादीतून मान वर केली, धर्मपालांना बघून हात जोडले आणि फ्लेक्सवर हसले होते तसे हसले.

त्या एका क्षणात धर्मपालांनी पुढचं सगळं पाहिलं. आपण म्हणणार, माझ्या पोरीनं मत दिलेलं नाही. ते म्हणणार, कशावरून. आपण म्हणणार, ती नागरिक नाही. ते म्हणणार, मग यादीत नाव का. नाव यादीत होतं, कारण ते कापायचा फॉर्म याच घटकेला आपल्या शर्टाच्या खिशात होता, झेरॉक्ससकट. आणि परदेशी बाईनं भारतात मत दिलं, असं एकदा लिहिलं गेलं तर पुढे ते पुसत कोण बसणार? तिचं कार्ड अडेल. तिचा व्हिसा जाईल. पुन्हा घरी येता यायचं नाही.

“क्या हुआ काका?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही,” धर्मपाल म्हणाले. “कुछ नहीं.”

त्यांनी बोट पुढे केलं. शाई लागली. यंत्राच्या आडोशाला ते इतका वेळ उभे राहिले, की मास्तरांनी तिथूनच विचारलं, काका, बटन दब नहीं रहा क्या? धर्मपालांनी बटण दाबलं. नरहर भैयांच्या पक्षाचं नाही दाबलं, एवढाच त्या दिवशीचा त्यांचा सूड.

बाहेर कडुनिंबाखाली रुचितानं तिघांची बोटं एकाशेजारी एक धरून फोटो काढला. मग स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणाली, “आज पहिल्यांदा कसंतरी वाटलं बाबा. शपथ घेताना वाटलं नव्हतं, पासपोर्ट देताना नाही. येथे उभी राहून सगळे शाई लावून येऊन राहिले अन माझंच बोट कोरं.”

धर्मपालांना वाटलं, या पोरीला सांगावं, की या घडीला गुढियारीत कुठेतरी एक बाई तुझ्या नावाची शाई लावून भाजी चिरत असेल. त्यांनी सांगितलं नाही. “चल,” ते म्हणाले, “ऊन लागून राहिलं.”

कलावतीबाईंनी टेबलाशी सगळं ऐकलं होतं. वाटेत त्या नवऱ्याच्या शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “माहं ऐकायले नव्हतं पाहिजे तुमी.”

“तुहं ऐकून नाही ठेवला मी खिशात,” धर्मपाल म्हणाले. “मलेच देववला नाही.”

*

नोव्हेंबरच्या शेवटी रुचिता गेली. विमानतळावर कलावतीबाई रडल्या, यशदीपनं ट्रॉलीचा फोटो काढला, आणि धर्मपालांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं की पासपोर्ट वरच्या खणात ठेवलास ना. तिनं खाली वाकून दोघांच्या पायाला हात लावला तेव्हा मागच्या रांगेतला एक माणूस घाईनं पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल पोलिसांच्या कार्यालयात गेले आणि पाहुणी गेल्याची नोंद करून आले. मऊ कारकुनानं विचारलं, “और गेस्ट आते रहेंगे ना?” धर्मपाल म्हणाले, तिकीट मिळालं तर. तिथून ते सरळ अंगणवाडीत गेले. खिचडी चालू होती. ते आत गेले आणि खिशातला फॉर्म सत्यभामेच्या हातात दिला. धुण्यातून वाचला असला तरी महिनाभरात तो मऊ पडला होता.

सत्यभामेनं खिचडीचा डाव उचलून बाजूला ठेवला, फॉर्म वाचला आणि डोकं हलवलं. “ये अब नहीं होगा काका.”

“काहून?”

“इसमें लिखा है, भारत की नागरिक नहीं है. पर रिकॉर्ड में तो दीदी ने अभी वोट डाला है. मैं ये आगे भेजूँगी तो ऊपर से पूछेंगे, नागरिक नहीं थी तो वोट कैसे डाला? वोट डाला तो नागरिक कैसे नहीं?” ती याच पाऱ्यात राहत होती, नरहर भैयांना लहानपणापासून ओळखत होती आणि त्या सकाळी कोण कोण कितीदा रांगेत उभं होतं हे तिला बहुतेक माहीत असावं. “दीदी ही फँसेगी,” ती हळू आवाजात म्हणाली.

धर्मपाल पोरांच्या लहानशा बाकावर बसले. न्यूझीलंडनं रुचिता आपली म्हणून लिहून घेतली होती. पोलिसांनी ती परक्यांची म्हणून लिहून घेतली होती. आणि राजाच्या नावानं शपथ घेऊन आठ महिने उलटल्यावर, कधी नव्हे ती, गुढियारीनं तिला आपली पक्की नागरिक म्हणून लिहून ठेवलं होतं. पुराव्यासकट.

“मग करायचं काय?”

सत्यभामेनं दुसरा कोरा फॉर्म काढला आणि पेनच्या टोकानं तिसरा चौकोन दाखवला. “इसमें निशान लगाओ. दूसरी जगह रहने चली गई. इसमें कोई कुछ नहीं पूछता. शादी होती है, नौकरी लगती है, लड़कियाँ तो जाती ही हैं.”

धर्मपालांनी तो चौकोन वाचला. एकदा, मग परत एकदा. चुकीचं काही लिहायचं नाही, हे व्रत त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं आणि गेल्या महिन्यात मोडलं होतं. पण यात चुकीचं काय आहे ते त्यांना कितीही शोधून सापडेना. त्यांनी खूण केली. अर्जदार म्हणून सही केली. खाली अर्जदाराचं नातं विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सहीनंतर कंसात ‘वडील’ असं बारीक अक्षरात लिहून टाकलं.

घरी आले तेव्हा कलावतीबाई दारातच होत्या. “काय लिवलं?” त्यांनी विचारलं.

“दुसरीकडे राहायले गेली म्हनून लिवलं.”

“मंग ते तर खरंच आहे,” कलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी रुचिताच्या खाटेवरची चादर काढली, झटकली आणि धुवायला टाकली.